पुण्यातला फसलेला प्रयोग आणि आपली पंगत

२०११ च्या पावसाळ्यात पुण्यात एक प्रयोग सुरू झाला आणि दिवाळी सरते न सरते तोच गुंडाळला गेला. विकिपीडिया चालवणाऱ्या अमेरिकेतल्या विकिमीडिया फाउंडेशनने इथल्या कॉलेजांमधल्या पोरापोरींना विकिपीडियावर लिहायला बसवायचं ठरवलं होतं. सिम्बायोसिसचं अर्थशास्त्राचं कॉलेज, सीओईपी म्हणजे आपलं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज आणि एसएनडीटी महिला विद्यापीठ, अशा ठिकाणचे शेकडो विद्यार्थी त्यात होते. शिक्षकांनी विषय द्यायचा, विद्यार्थ्यांनी त्यावर विकिपीडियात लेख लिहायचा, त्याचे मार्क मिळायचे. कल्पना झकास होती. आज तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला मात्र वाटतं, की ज्यांनी कुठलंही मंडळ, वाचनालय, जयंती समिती किंवा पतसंस्था चालवली आहे, त्या प्रत्येकाने हा किस्सा नीट ऐकावा. परभणीत असे लोक कमी नाहीत.

आधी हे पुण्यालाच का आलं ते सांगतो.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला इंग्रजीत सुरू झाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर. दोन्ही ठिकाणी पगारी लेखक नाहीत. लिहिणारे, तपासणारे, भांडणं मिटवणारे, रात्री जागून कुणीतरी घातलेली शिवीगाळ पुसणारे, सगळे फुकट राबणारे. २०१०-११ च्या सुमारास मोठी पाहणी झाली तेव्हा कळलं की लिहिणाऱ्यांत बायकांचं प्रमाण जेमतेम १३ टक्के आहे. लिहिणारे बहुतेक युरोप-अमेरिकेतले पुरुष. म्हणजे जगाचं ज्ञान म्हणून जे सगळे वाचतात, ते एका विशिष्ट पंगतीतल्या लोकांनी वाढलेलं. मग फाउंडेशनने पाच वर्षांची योजना आखली. २०१५ पर्यंत बायकांचं प्रमाण २५ टक्के करायचं, आणि भारतासारख्या देशांतल्या लिहिणाऱ्यांचं प्रमाण ३७ टक्क्यांवर न्यायचं. पुण्याचा प्रयोग या आकड्यांच्या पोटातून जन्मला. भारतही साधला, आणि एसएनडीटीमुळे मुलीही.

पुढे काय झालं ते आपल्यापैकी कुणीही आधीच सांगितलं असतं. आपल्याकडे पोरं शिकतात कशी? गाईड, अपेक्षित, झेरॉक्स. प्रोजेक्ट म्हणजे नेटवरून उचल, वर मुखपृष्ठ लाव, स्पायरल बाइंडिंग कर आणि सबमिट कर. पहिलीपासून कुणी सांगितलेलंच नसतं की दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उचलणं ही चोरी असते. उलट पुस्तकातलं उत्तर शब्दशः लिहिलं की पैकीच्या पैकी. तीच सवय विकिपीडियात उतरली. तारीख जवळ आली तसे पुस्तकांतले, वेबसाइटींवरचे परिच्छेद धडाधड लेखांत येऊन पडायला लागले. विकिपीडियात हा अक्षम्य गुन्हा. प्रताधिकाराचा भंग.

एक परिच्छेद चिकटवायला एक मिनिट लागतं. तो कुठून उचललाय हे शोधायला, काढायला, लेख पूर्वीसारखा करायला आणि त्या विद्यार्थ्याला समजावून सांगायला अर्धा तास जातो, कधी त्याहून जास्त. हा अर्धा तास कुणाचा? फाउंडेशनच्या पगारी माणसाचा नव्हे. इंग्लंड-अमेरिकेतल्या, ऑस्ट्रेलियातल्या, आणि भारतातल्याही त्या फुकट राबणाऱ्या जुन्या मंडळींचा. त्यांना आधी कुणी नीट विचारलेलं नव्हतं. एवढा मोठा लोंढा येतोय, तुमच्याच्याने झेपेल का, हे विचारलं नव्हतं. ते इशारे लिहीत राहिले. पण विकिपीडियात आपल्या नावाचं एक चर्चापान असतं आणि तिथे लोक आपल्यासाठी निरोप ठेवतात, हे बऱ्याच पोरांच्या गावीच नव्हतं. मदतीला नेमलेले कॅम्पस अँबॅसेडर नावाचे तरुण होते, त्यांतल्या अनेकांनी स्वतःच विकिपीडियावर फारसं लिहिलेलं नव्हतं. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवायची असा प्रकार.

नोव्हेंबर २०११ मध्ये प्रयोग मुदतीआधीच बंद झाला. फाउंडेशनने बाहेरच्या माणसाकडून मूल्यमापन करून घेतलं, नियोजन चुकलं हेही मान्य केलं. पण राडा झाला तो झाला. निस्तरण्याचं काम पुढे बराच काळ चाललं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्यानंतर भारतातून नवं कुणी आलं की जुन्यांच्या कपाळाला आठी पडायला लागली. ज्यांच्यासाठी दार उघडलं, त्यांच्याच नावाने दारावर पहारा वाढला.

माझी हळहळ थोडी वेगळी आहे. ही शेकडो पुण्याची पोरं, त्यांतली कितीतरी घरी मराठी बोलणारी, त्यांना इंग्रजीत लिहायला बसवलं! जिथे आधीच लाखो लेख होते, हजारो पहारेकरी होते, तिथे. इकडे मराठी विकिपीडिया एकेका हातासाठी तरसत होता. पण तक्त्यात आकडा भरायचा होता, आणि इंग्रजीतला आकडा लवकर दिसतो.

आता लगेच जुन्यांना संत आणि फाउंडेशनला खलनायक करू नका. जुन्यांचाही हिशेब मांडायला हवा.

इंग्रजी विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्यांची संख्या २००७ मध्ये ५१ हजारांच्या वर गेली होती. २०१३ पर्यंत ती ३१ हजारांवर आली. जग इंटरनेटवर येत होतं, वाचक वाढत होते आणि लिहिणारे घटत होते. का? आरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याचा अभ्यास छापला. त्यात निघालं ते असं : विकिपीडिया प्रसिद्ध झाला तसे खोडसाळ लोक येऊन घाण करायला लागले. ती घाण काढायला जुन्यांनी नियम कडक केले, अर्धी-अधिक कामं यंत्रांकडे दिली. घाण गेली. पण त्याच झाडूने प्रामाणिक नवेही बाहेर गेले. पहिल्यांदा लिहिणाऱ्याची साधी चूक, संदर्भ द्यायचा राहिला किंवा खूण चुकली, की पाच मिनिटांत लिखाण उडालेलं आणि वर एक छापील धमकी. माणूस नवा, हेतू चांगला, उत्तर मात्र यंत्राचं. तो परत कशाला येईल? आणि ज्याला आयुष्यभर ‘तुला काय कळतं’ हेच ऐकायची सवय आहे, ती बाई किंवा तो खेड्यातला पोरगा तर पहिल्याच फटक्यात गप्प होतो. पुण्यामुंबईचा आत्मविश्वासाने भांडणारा गडी टिकतो. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा असूनही चाळण मात्र सारखी राहत नाही.

२०१८ चं एक उदाहरण जगभर गाजलं. डॉना स्ट्रिकलंड या कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ. मे महिन्यात त्यांच्यावरचा लेखाचा मसुदा एका स्वयंसेवकाने परत पाठवला, पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून. २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झालं. परत पाठवणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याने नियमच पाळला. पण ज्या जगात बाईवर आधीच कमी लिहिलं जातं, तिथे ‘आधी कुणीतरी लिहिलेलं दाखव’ हा नियम काय करतो, ते दिसलं.

हे सगळं इंटरनेटच्या काळातलं नवं दुखणं आहे असं कुणाला वाटत असेल तर जरा मागे जाऊ. आपल्या महाराष्ट्राने हे दीडशे वर्षं भोगलंय.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. तिलाच आपण पहिलं मराठी साहित्य संमेलन म्हणतो. दुसरी सभा १८८५ च्या मे महिन्यात. जोतीराव फुल्यांना निमंत्रण गेलं. आजच्या भाषेत सांगायचं तर रानड्यांना सभेत विविधता हवी होती, आणि त्यांची तळमळ खरी होती. पण जोतीराव गेले नाहीत. उत्तरादाखल त्यांनी लिहिलेलं पत्र ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलं. ते जरूर मिळवून वाचा. त्याचा मथितार्थ असा, की ज्यांना सगळ्या माणसांचे हक्क मनापासून द्यायचे नाहीत, त्यांच्या सभांचा आणि ग्रंथांचा आमच्याशी मेळ बसत नाही. आमचं आम्ही पाहू. जोतीरावांना खुर्ची नको होती. सभेचा अजेंडा कोण लिहितं, हा त्यांचा प्रश्न होता. मांडव दुसऱ्याचा, नियम दुसऱ्याचे, आणि आपण शोभेला जाऊन बसायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं.

मग १८९५. काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात भरायचं होतं. १८८७ पासून रिवाज असा होता की काँग्रेसचं काम आटोपलं की त्याच मांडवात रानड्यांची सामाजिक परिषद भरायची. विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, जातीच्या जाचाचे विषय. पुण्यात टिळकांच्या बाजूच्या मंडळींनी हरकत घेतली : आमच्या मांडवात हे नको. वर्गणी देणारे, राबणारे बरेच जण जुन्या वळणाचे, त्यांना दुखवू नका. वाद इतका तापला की मांडव जाळण्याच्या धमक्यांपर्यंत गोष्ट गेली. शेवटी काँग्रेस फुटू नये म्हणून रानड्यांनी परिषद दुसरीकडे भरवली. रानडे असेच होते, जोडून घेणारे. कार्यकर्ते टिकले, वर्गणी टिकली. आणि समाजाचा प्रश्न त्या मांडवातून जो बाहेर पडला, तो कितीतरी वर्षं बाहेरच उभा राहिला. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये अगदी सुरुवातीलाच या हकिगतीचा हिशेब मांडलाय. जुनी माणसं राखण्याची किंमत कुणी मोजली, ते त्यांच्याइतकं स्वच्छ कुणीच सांगितलेलं नाही.

म्हणजे बघा, १८८५ मध्ये बोलावलेले आले नाहीत, १८९५ मध्ये असलेले सांभाळायला विषयच हाकलला. दोन्ही वेळा रानड्यांसारखा भला माणूस मध्ये होता. भलेपणा कमी पडला असं मला वाटत नाही. गणितच चुकीचं मांडलं गेलं होतं.

साहित्य संमेलनाची पुढची गोष्ट तर आपल्या घरची आहे. १८७८ पासून पहिली बाई अध्यक्ष व्हायला १९६१ साल उजाडलं : ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे. त्याच साली साहित्य महामंडळ स्थापन झालं. पहिले दलित अध्यक्ष शंकरराव खरात, १९८४, जळगाव. १९९० ला पुण्यात यू. म. पठाण. दरम्यान ज्यांना मांडवात जागा नव्हती त्यांनी जोतीरावांसारखे आपापले मांडव घातले. १९५८ ला मुंबईत दलित साहित्य संमेलन झालं, अण्णाभाऊ साठ्यांनी त्याचं उद्घाटन केलं. १९९९ ला धारावीत विद्रोही संमेलन, बाबूराव बागूल अध्यक्ष. आपलं मराठी साहित्य या वेगळ्या मांडवांनीच खरं तर मोठं केलं.

आणि १९९५ ला आपल्या परभणीत ६८ वं संमेलन झालं. अध्यक्ष नारायण सुर्वे. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून वाढवलेलं पोर, पुढे गिरणीत राबलेला, शाळेत शिपाई झालेला, मग मास्तर झालेला माणूस. त्या मानाच्या खुर्चीवर तो परभणीत बसला. परभणीचे जुने लोक अजून त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सुर्व्यांना कुणी कोट्यातून आणलं असं कुणी म्हणू शकलं नाही, कारण ते आधी वीस-तीस वर्षं कामगारांच्या सभांमधून, कवितांच्या मैफलींमधून लोकांच्या तोंडी बसले होते. पण असा एक सुर्वे मांडवापर्यंत पोचला म्हणून वाट मोकळी होती असं समजायचं का? बाकीचे किती वाटेतच राहिले, ते कुणी मोजलं?

कारण त्यानंतरची गंमत बघा. १९९६ ला आळंदीला शांता शेळके, २००१ ला इंदूरला विजया राजाध्यक्ष, आणि मग तब्बल अठरा वर्षं एकही बाई नाही. अध्यक्ष निवडणुकीने ठरायचा. मतदार जेमतेम हजारभर, महामंडळाच्या घटक संस्थांनी ठरवलेले. त्यांत आपली मराठवाडा साहित्य परिषदही आली. हे मतदार म्हणजे कोण? वर्षानुवर्षं सतरंज्या उचललेले, शाखा चालवलेले, वर्गण्या गोळा केलेले लोक. त्यांचा मतदानाचा हक्क कमावलेला होता, हे मी नाकारत नाही. पण गावोगाव हिंडून हजार मतदारांना भेटायचं, प्रचार करायचा, हे किती लेखिकांना जमणार होतं? कितीजणींना करावंसं वाटणार होतं? २०१८ मध्ये महामंडळाने घटना बदलली, निवडणूक काढली, अध्यक्ष एकमताने ठरवायचा असा नियम केला. लगेच २०१९ ला यवतमाळला अरुणा ढेरे आल्या. २०२० ला उस्मानाबादला फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२५ ला दिल्लीत तारा भवाळकर. नियम बदलला आणि चेहरे बदलले. इतकं सरळ.

पण जुन्या मतदारांचा हक्क गेला तो गेला. आता चार लोक बंद खोलीत बसून ठरवतात असंही म्हणता येतं, आणि त्यात खोटं काही नाही. मला विचाराल तर अरुणाताई, ताराबाई यांची निवड मला शंभर टक्के पटते आणि ज्या पद्धतीने ती झाली ती पन्नास टक्केच पटते. तिसरी वाट शोधता आली असती. मतदारच वाढवायचे, बायका, तरुण, खेड्यातले लिहिते लोक यांची नावं त्या यादीत घालायची. पण त्याला वेळ लागतो आणि भांडावं लागतं. वरून नियम बदलणं सोपं.

वरून बदलण्याचं टोक विकिपीडियाने २०१९ मध्ये पाहिलं. ‘फ्रॅम’ या नावाने लिहिणारा इंग्रजी विकिपीडियाचा एक जुना प्रचालक. कामाला वाघ, जिभेला काटे. आपल्याकडच्या प्रत्येक संस्थेत असा एक असतोच. सगळे हिशेब त्याला पाठ, कपाटाच्या किल्ल्या त्याच्याकडे, आणि नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी रडवतो. १० जून २०१९ ला फाउंडेशनने त्याला परस्पर एक वर्षासाठी बाहेर काढलं. त्रास दिल्याच्या तक्रारी होत्या. पण तक्रार काय, कुणाची, पुरावा काय, हे स्वयंसेवकांना सांगितलं नाही. तक्रार करणाऱ्याचं रक्षण करायचं म्हणून ते सांगता येत नव्हतं, हेही खरं. झालं! वीसहून जास्त प्रचालकांनी अधिकार सोडले. त्यांतल्या अनेकांना फ्रॅमचं वागणं आवडत नव्हतं, तरी ते गेले. कारण आपलं घर आपण चालवतो ही भावना गेली. सप्टेंबरमध्ये स्वयंसेवकांच्याच पंच समितीने प्रकरण हातात घेतलं. बंदी उठवली, पण प्रचालकपद परत दिलं नाही. गंमत म्हणजे या निकालाने पुष्कळांचं समाधान झालं. शिक्षा होतीच की. फरक एवढाच की ती घरच्यांनी दिली. पुढे २०२१ मध्ये फाउंडेशनने सगळ्या विकिपीडियांसाठी एकच आचारसंहिता मंजूर केली, तेव्हा ती कशी राबवायची यावर बरीच चर्चा आणि नंतर मतदानही घेतलं. थोडं शिकले म्हणायचे.

पुणे २०११ आणि फ्रॅम २०१९ शेजारी ठेवले की मला एकच गोष्ट दिसते. पंगतीला बोलावणारा एक आणि वाढणारा, उष्टी काढणारा दुसरा असला की पंगत उधळते. बोलावणाऱ्याला पुण्य मिळतं, राबणाऱ्याला पाठदुखी. मग राबणारा पाहुण्यांवरच डाफरतो, खरं तर त्याचा राग बोलावणाऱ्यावर असतो. पाहुण्याला वाटतं हे घरच वाईट आहे. जुना गेला, नवा थांबला नाही, आणि बोलावणाऱ्याच्या अहवालात मात्र उपस्थिती चांगली.

जिथे बोलावणारे आणि राबणारे एकच होते तिथे चित्र वेगळं दिसतं. २०१२ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘टी-हाउस’ नावाची जागा सुरू झाली. नाव चहाच्या टपरीचं, कामही तेच. नव्या माणसाने काहीही विचारावं आणि जुन्या स्वयंसेवकाने स्वतःच्या शब्दांत, आपलेपणाने उत्तर द्यावं. नियमाचा आकडा तोंडावर फेकायचा नाही. नंतर तपासलं तेव्हा तिथलं आमंत्रण मिळालेले नवखे इतरांपेक्षा जास्त टिकलेले दिसले. यात जुन्यांचं महत्त्व कमी झालं नाही. उलट पहारेकऱ्याचा गुरुजी झाला, आणि गुरुजी म्हणवून घ्यायला कुणाला आवडत नाही? २०१५ मध्ये ‘विमेन इन रेड’ सुरू झालं. विकिपीडियात नसलेल्या लेखाचं नाव लाल रंगात दिसतं, तिथून हे नाव आलं. लाल पडलेल्या बायकांची नावं निळी करायची. रोझी स्टीफन्सन-गुडनाइट आणि रॉजर बॅमकिन हे दोघं आधीपासूनचे, मुरलेले स्वयंसेवक. वरून हुकूम आला नव्हता. इंग्रजी विकिपीडियातल्या चरित्रलेखांत बायकांचे लेख तेव्हा साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास होते, आता वीस टक्क्यांच्या घरात आहेत. दहा वर्षांत साडेचार टक्के. अगदी गोगलगाय. पण ती मागे गेली नाही, आणि कुणाला हाकलावं लागलं नाही. फाउंडेशनचा २५ टक्के लेखिकांचा आकडा मात्र २०१५ मध्ये गाठला गेला नाही.

आता आपल्याकडे येतो. मराठी विकिपीडियाचे प्रचालक आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मराठी भाषा पंधरवड्याला, २७ फेब्रुवारीला, ८ मार्चला कॉलेजांत कार्यशाळा होतात. फोटो निघतात, तीसेक खाती उघडली जातात, महिन्याभराने त्यांतली बरीचशी गप्प. कार्यशाळा वाईट नाहीत, पण संध्याकाळी बॅनर उतरल्यावर त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर कोण देणार, हे आधी ठरलेलं नसतं. पुणे २०११ ची ही छोटी आवृत्तीच. आणि ते मोजके जुने लोक कंटाळून गेले तर नव्यांना शिकवायलाही कुणी उरणार नाही, हेही विसरून चालणार नाही.

त्यात आपल्या भागाची वेगळीच अडचण. आपलं बरंचसं ज्ञान छापलेलंच नाही. गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग आपल्यापर्यंत आले ते नामदेवांच्या गाथेच्या आसऱ्याने. त्या काळी कुणीतरी ते सांभाळले म्हणून आले. बाकी किती जनाबाई जात्यावरच विरून गेल्या असतील! आज कुणी अशा बाईवर लेख लिहायला घेतला की जुना संपादक विचारणार : संदर्भ काय? आणि तो बरोबरच विचारतो. संदर्भ न विचारता लिहू दिलं तर उद्या प्रत्येक गल्लीतला नेता स्वतःचं चरित्र टाकेल. २०११ मध्येच अचल प्रभाला यांनी ‘पीपल आर नॉलेज’ नावाची फिल्म केली होती. म्हणणं असं की छापील पुस्तक नसेल तर जाणत्या माणसाची मुलाखत हाच संदर्भ धरा. जुन्यांना ते पचलं नाही. दोघांचंही म्हणणं मला कळतं.

पण यातून एक वाट निघालेली आहे, आणि ती आपल्या पूर्णा तालुक्यातून जाते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. त्या २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर गावाच्या, गाणारीच्या नावासकट येऊ लागल्या. त्यांत ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे आहेत. १९९६ मध्ये त्यांचा आवाज टेपवर घेतला गेला. सीतेच्या वनवासाच्या ओव्या त्यांनी गायल्या. आता कुणी संदर्भ मागितला तर दाखवायला आहे : ध्वनिमुद्रण, नाव, गाव, तारीख. जुन्या संपादकाला नियम वाकवावा लागत नाही आणि गंगुबाईंना बाहेर उभं राहावं लागत नाही. मधलं काम कुणीतरी आधी करून ठेवलं, वर्षानुवर्षं, धूळ खात, एसटीने हिंडत.

त्या जुन्या नोंदवणाऱ्यांच्या हाताखाली तेव्हा जे तरुण होते ते आता पन्नाशी-साठीला आले. आणि ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या तर दर वर्षी कमी होताहेत. सेलू, जिंतूर, पाथरी, मानवत, सोनपेठ, पालम, पूर्णा, गंगाखेड, जिथून कुठून वाचत असाल तिथून, तुमच्या गावात अजून कुणाला ओव्या, भुलईची गाणी, जुन्या विहिरींची नावं येत असतील तर त्यांना विचारा, चालेल का म्हणून, आणि मला कळवा. सोबत एखाद्या निवृत्त मास्तरांचंही नाव द्या, शुद्धलेखनावरून हटून बसणाऱ्या. दोघांना एकाच दिवशी भेटायला जाऊ.